मधल्या रकान्यातला बाप

पल्लवीने शाळेच्या फॉर्मवर पहिल्या रकान्यात 'शिवतेज' लिहिलं, शेवटच्या रकान्यात 'मदने' लिहिलं, आणि मधल्या रकान्यापाशी येऊन पेनाला टोपण लावून टाकलं. केरबा तेव्हा नुकताच कामावरून आला होता. तो शेरीवाडीचा वायरमन. दिवसभरात सात खांब चढून उतरला होता, आणि आता त्याला एक कप चहा आणि बूड टेकायला जागा, एवढंच पाहिजे होतं.

"आवं, हितं काय लिवायचं?" पल्लवीने विचारलं.

"कुठं?"

"मधी."

"मधी बापाचं नाव असतंय. माझं लिव."

"तेच म्हणतीय मी."

केरबाने कप खाली ठेवला. 'तेच म्हणतीय मी'ने सुरू झालेलं बोलणं एका चहात संपत नाही, हे लग्नाच्या सात वर्षांत त्याला पाठ झालं होतं.

"एकदा मोठ्यानं म्हणून बघा," पल्लवी म्हणाली.

"शिवतेज केरबा मदने," केरबा म्हणाला.

"कसं वाटतंय?"

"मदन्यांचं पोरगं हाय असं वाटतंय."

"नव्या शर्टाला मधीच ठिगळ लावल्यागत वाटतंय," पल्लवी म्हणाली.

शिवतेज हे नाव तिने सहा महिने खपून काढलं होतं. मोबाइलात तीन हजार नावं उतरवून घेतली, त्यातली दोनशे वहीत लिहिली, वहीतली वीस शेजारपाजारी म्हणून पाहिली, आणि मग हे एक ठेवलं. त्या सहा महिन्यांत कुणाच्याही ध्यानात आलं नाही की पोराचं नाव निवडता येतं, आडनाव मिळेल ते घ्यावं लागतं, आणि मधलं नाव समोर बसून चहा पीत असतं. पाळण्यात हाक मारायला शिवतेज एवढं पुरत होतं. आता पोरगं चार वर्षांचं झालं, कडेगावच्या इंग्रजी शाळेत जागा मिळाली, आणि शाळेने पूर्ण नाव मागितलं.

त्यात पल्लवीच्या साताऱ्याला दिलेल्या थोरल्या बहिणीने, रेश्माने, सकाळीच फोनवर बोलून ठेवलं होतं. रेश्माच्या पोराचं नाव राजवर्धन विक्रमसिंह. "पल्लवे, शाळंत पोरं बापाच्या नावानंच हाक मारत्यात बघ," रेश्मा म्हणाली होती, "आमच्याला विक्रमसिंह म्हणत्यात. आमचं चालून जातंय. तुमच्याला काय म्हणतील?"

यात खोटं काही नव्हतं. केरबालाही शाळेत कुणी केरबा म्हटलं नव्हतं. दहावीपर्यंत तो तात्याबा होता, कारण तात्याबा त्याच्या बापाचं नाव. 'ए तात्याबा, बॉल टाक,' म्हटलं की तो टाकायचा. त्याला त्यात कधी काही वाटलं नाही.

"तात्याबा निराळं," पल्लवी म्हणाली. "केरबा म्हंजे केर. झाडून टाकायचा. माझ्या बापाचं नाव धोंडिराम. मला दहावीपातुर सगळ्यांनी धोंडी म्हटलंय. बोर्डात शाळंत पैली आले, स्टेजवर गेले, तवा बी मागनं कुणीतरी 'धोंडी आली' म्हटलं. बक्षीस काय दिलं ते आठवत न्हाई मला. ते धोंडी तेवढं आठवतंय. माझ्या पोराला कुणी केर म्हणायचं न्हाई. बास."

तिचे डोळे भरून आले होते. केरबाला उरलेला चहा प्यावासा वाटला नाही. तो एवढंच म्हणाला, "मग काय करूया म्हणतीस?"

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीवरून कडेगावला गेली. एसटी स्टँडसमोर पप्पूचं सेवा केंद्र होतं. दाखले, उतारे, आधार, सगळं पप्पू करून द्यायचा. रांगेत सहा माणसं उभी होती.

"पप्पूभावजी," पल्लवी म्हणाली, "पोराच्या नावात मधी दुसरं काय तरी लावता येतंय का? शोभंलसं?"

पप्पूने मान वर न करता सांगितलं, "वैनी, पोराचं नाव बदलता येतंय, आडनाव बदलता येतंय. मधलं म्हंजे बाप. ते बदलायचं तर बाप बदलाय लागतोय."

रांगेतली सहाही माणसं वळून बघायला लागली. त्यातला एक केरबाच्याच मदनेवस्तीचा निघाला. संध्याकाळी केरबा घरी पोचायच्या आत वस्तीवर बातमी होती की, केरबाच्या बायकोला पोराला दुसरा बाप लावायचा आहे, आणि केरबा स्वतःच तिला गाडीवर बसवून तालुक्याला घेऊन गेला. दोघंजण समजूत घालायला ओट्यावर येऊन बसले होते. तिसऱ्याने तात्याबाला भावकी गोळा करायचा सल्ला दिला होता. तात्याबाने तंबाखू मळत सांगितलं होतं, "पोरगं तर माझ्या पोरावानी दिसतंय. बघू काय म्हणतंय ते कडेगाव."

पण ते नंतर. पप्पूच्या दुकानात पप्पूने नीट उलगडून सांगितलं, "म्हंजे केरबाआण्णांनी स्वताचं नाव बदलायचं. गॅझेट करायचं. आण्णा बदलले की पोराचं मधलं आपोआप बदलतंय."

"आरं पण मी चौतीस वर्सं केरबा हाय," केरबा म्हणाला.

"मग लय झालं की," पप्पू म्हणाला. "नवीन काय ठेवायचं?"

पल्लवीने पर्समधून घडी केलेला कागद काढला. त्यावर नऊ नावं होती. केरबाला तेव्हा कळलं की आपण विचारायला आलेलो नाही, करायला आलेलो आहोत. पल्लवी एकेक नाव शिवतेजच्या पुढे लावून वाचत गेली. शिवतेज रणवीर मदने. रांगेतल्या म्हाताऱ्याने मान हलवली, "ह्ये दोन भाऊ वाटत्यात." शिवतेज प्रतापराव मदने. "ह्यात बाप साठीचा वाटतोय," रेशनकार्ड घेऊन आलेली बाई म्हणाली. शिवतेज आर्यन मदने. त्यावर पप्पूच म्हणाला, "ह्यात पोरगं थोरलं आन् बाप धाकटा." असं करत सातव्या नावाला गाडी थांबली. शिवतेज धैर्यशील मदने. रांगेने माना डोलावल्या. रेशनकार्डवाली बाई म्हणाली, "ह्ये बसलं."

केरबा कडेला उभा राहून शर्टाचं बटण चाळवत होता. आपल्याला नाव दिलं जातंय आणि सहा परकी माणसं ते पास करतायत, हे त्याला नव्या चपलेसारखं बोचत होतं. त्याने हळूच म्हणून पाहिलं. "धैर... धैर्य..." र आणि य एकत्र आले की जीभ अडकायची. तिसऱ्या खेपेला जमलं.

"कारण काय लिवू?" पप्पूने विचारलं.

"बायको," केरबा म्हणाला.

"तसलं चालत न्हाई. वैयक्तिक कारणासाठी असं टाकतो."

"त्येच ते," केरबा म्हणाला.

खरी अडचण घरात होती, आणि ती तांदूळ निवडत बसली होती. आईला, अंजनाला, सांगायचं कसं, या विचारात केरबाने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्याजवळ टेकला, सुपातले दोन खडे वेचले आणि सांगून टाकलं.

अंजनाचा हात थांबला नाही. ती सुपाकडे बघतच बोलली, "तुझ्या आदी दोन झाली. दोन्ही म्हैन्याच्या आत गेली. तू झालास तवा सासूनं तुला घरात घिऊ दिलं न्हाई. उकिरड्याच्या कडंला केरावर ठेवला. शेजारच्या दगडाबाईनं केरातनं उचलला, सुपात घातला आन् दारात येऊन म्हणाली, केरातलं पोर घावलंय, घेता का कुणी. दोन पायल्या जोंधळं देऊन मी तुला इकत घेतला. माझंच पोर मी इकत घेतलं. म्हणून केरबा. नावामुळं न्यायला कोण आलं न्हाई, केर कोण कशाला नील?"

केरबाला ही गोष्ट ठाऊक होती, लहानपणापासून वीस वेळा ऐकली होती. आज ऐकताना त्याने वेचलेले दोन खडे परत सुपात टाकले.

"आई, तू नगं म्हण. मी न्हाई बदलत," तो म्हणाला.

"मी कशाला नगं म्हणू? पोराचं बरं हुतंय तर बदल. आता न्यायला येणारी बी गेली म्हातारी हून. फकस्त मी तुला काय म्हणून हाक मारू तेवढं सांग."

"धैर्यशील."

अंजनाने प्रयत्न केला. "धैर... धैरे..." तिने सूप झटकलं. "ऱ्हाऊ दे. बघंन कायतरी."

त्या दिवसापासून तिने त्याला नावाने हाक मारणं बंद केलं. जुनं आता चालत नाही आणि नवं तोंडात बसत नाही, म्हणून 'आरं ए', 'ऐकलंस का', आणि लांब असला तर नुसतं 'होऽ'. रागाने नव्हे. राग असता तर केरबाला बरं वाटलं असतं. जेवायला बोलावताना ती दारात येऊन उभी राहायची आणि तो बघेपर्यंत वाट बघायची. त्याला ते फार लागायचं, आणि बोलून दाखवावं असं कुणी घरात नव्हतं.

मार्चमध्ये गॅझेट आलं. पल्लवीने त्याची प्रत लॅमिनेशन करून आणली आणि घरात सगळ्यांसमोर वाचली. 'जुने नाव, केरबा तात्याबा मदने. नवीन नाव, धैर्यशील तात्याबा मदने.' वाचून झाल्यावर ती थांबली आणि तिने परत एकदा मनातल्या मनात वाचलं. तिची नजर हळूहळू सासऱ्याकडे वळली.

तात्याबाने तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. "माझ्याकडं बघू नगंस पोरी. माझं आता एकदमच बदला, मयताच्या दाखल्यावर."

पल्लवी लाजली. "न्हाई मामंजी, मी काय म्हणाले का?"

"म्हणाली न्हाईस, पर बघितलंस," तात्याबा म्हणाला आणि उठून गोठ्याकडे गेला.

नाव एकदा बदललं की आपलं काम संपलं, अशी केरबाची समजूत होती. ती आठ दिवसांत गेली. आधारवर बदलायला गेला तर पॅन मागितलं, पॅनवर बदलायला गेला तर आधार मागितलं. बँकेतल्या बाईने जुनी सही करायला लावली आणि मग नवी करायला लावली. नवी जमेना. 'धैर्यशील' लिहिताना हात मधेच 'केरबा'कडे वळायचा. बाई तीन वेळा म्हणाल्या, "काका, हे नाव नक्की तुमचंच ना?" पोराच्या जन्मदाखल्यावरच्या दुरुस्तीसाठी चार चकरा झाल्या. प्रत्येक ठिकाणी त्याला एकच प्रश्न विचारला जायचा, "का बदललं?", आणि तो दर वेळी म्हणायचा, "वैयक्तिक." शेवटी शेवटी तो दारातून आत जातानाच 'वैयक्तिक' म्हणत जायचा.

त्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी मात्र काम एका मिनिटात केलं. त्यांनी शेरीवाडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मजकूर टाकला. 'सर्व ग्राहकांनी नोंद घ्यावी. वायरमन केरबा मदने यांच्याऐवजी यापुढे धैर्यशील मदने हे नाव राहील. मोबाइल नंबर तोच आहे.'

शेवटचं वाक्य कुणी वाचलं नाही.

दोन दिवसांनी शेरीवाडीच्या सरपंचाचा, अर्जुनाचा, फोन आला. "केरबा, उद्या सकाळी धाला देवळात ये. जरा काम हाय." केरबाला वाटलं देवळाचा फ्यूज गेला असणार. तो पक्कड, दोरी आणि टेस्टर घेऊन गेला. देवळात सतरंजी घातलेली होती, चाळीसएक माणसं बसली होती, आणि भिंतीवर बॅनर होता. 'श्री. केरबा मदने यांना निरोप व श्री. धैर्यशील मदने यांचे हार्दिक स्वागत.' पुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

"अर्जुनाभाऊ, ह्ये काय?" केरबा म्हणाला.

"बस. नवीन माणूस अजून आला न्हाई. तवर तुझं उरकू."

"आवं पण नवीन माणूस..."

"भाषणं झाल्यावर बोल. तुला शेवटी वेळ दिलाय."

केरबा पक्कड मांडीवर घेऊन बसला. अकरा वर्षं त्याने या गावाच्या तारा ओढल्या होत्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला खुर्ची मिळाली होती. तीन जणांनी भाषणं केली. केरबा देवमाणूस, केरबा पावसात खांबावर, केरबाने पाडव्याला घरचं जेवण टाकून मोटार चालू करून दिली. ऐकता ऐकता त्याला भरून यायला लागलं. त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. हे खोटं आहे हे सांगायला उठावं, की एवढं ऐकून घ्यावं, हे ठरवेपर्यंत निरोपाचा भाग संपला आणि स्वागताचा सुरू झाला.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत अर्जुना बोलायला लागला, "आता नवीन आलेल्या धैर्यशीलरावांना आमचं एवढंच सांगणं हाय की, त्यांनी फोन उचलावा. आधीचा माणूस चांगला हुता, पर फोन उचलत नव्हता. डीपी जळून लाइट गेली की चार दिवस येतो येतो म्हणायचा."

"आन् खालच्या आळीला आधी जायचा," मागून एकजण म्हणाला.

"जरा हळूच हुता," तिसरा म्हणाला. "पर जाताना वाईट कशाला बोला."

केरबा नारळ पोटाशी धरून हे ऐकत होता. शेवटी तो उठला. शाल सावरली.

"मीच हाय त्यो," तो म्हणाला.

"कोण?"

"धैर्यशील."

सगळ्यांच्या माना रिकाम्या खुर्चीवरून त्याच्याकडे वळल्या. मग केरबाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शाळा, फॉर्म, मधला रकाना, गॅझेट. सांगून झाल्यावर अर्जुनाने टोपी काढली आणि परत घातली.

"म्हंजे आमी ह्ये सगळं तुझ्या तोंडावर बोललो की रं."

"व्हय," केरबा म्हणाला.

मागे भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "पोराच्या शाळंसाठी लोक रान इकत्यात. ह्यानं नाव दिलं. निदान नारळ तरी द्या त्याला दुसरा." दुकानदार दुसरी शाल परत घेणार नव्हता, म्हणून तीही केरबाच्याच अंगावर घातली. एप्रिलच्या उन्हात तो दोन शाली आणि दोन नारळ घेऊन घरी आला. पल्लवीने विचारलं, "कुणाचा सत्कार?" तो म्हणाला, "दोघांचा," आणि आडवा झाला.

त्यानंतर फोन बदलले. आधी लाइट गेली की माणसं 'केरब्या, कुठं मेलायस?' म्हणून सुरू करायची, आणि त्यात एक घरचेपणा होता. आता 'धैर्यशीलराव, लाइट गेलीया' म्हटल्यावर पुढे शिवी बसत नव्हती. माणसं 'जमलं तर बघा' म्हणून फोन ठेवायची. केरबाला कुणी शिव्या देत नव्हतं, हे त्याला एखाद्या दुखण्यासारखं वाटायला लागलं होतं. देवळात ऐकल्यापासून तो प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलत होता. त्यामुळे माणसांची खात्रीच पटली की हा आधीचा नव्हेच.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पल्लवीने शिवतेजच्या दप्तरावर, डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर आणि रेनकोटच्या आतल्या बाजूला पूर्ण नाव लिहिलं. शिवतेज धैर्यशील मदने. अक्षर सुंदर होतं. रेश्माला फोटो पाठवला. रेश्माचा अंगठा आला. पल्लवी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी गुणगुणत भाकरी थापत होती, आणि तिला तसं बघून केरबाला वाटलं, असू दे, झालं ते बरंच झालं.

पंधरा दिवसांनी शनिवारी केरबाला सुट्टी होती. पोराला आणायला दोघंही गेली. फाटकापाशी आयाबापांची गर्दी होती. घंटा झाली, आणि शिवतेजच्या वर्गाच्या प्रांजल मॅडम दारात येऊन मोठ्याने म्हणाल्या, "केरबा, चल, तुझी मम्मी आली बघ."

"आलो," केरबा म्हणाला, आणि सवयीने दोन पावलं पुढे गेला.

त्याच्या पायाजवळून शिवतेज दप्तर उडवत पळत आला. मागून सातआठ पोरं हात हलवत होती. "बाय केरबा." "केरबा, मंडेला तो बॉल आण."

पल्लवीचा चेहरा उतरला. तिने पोराचा हात धरला आणि तरातरा मॅडमकडे गेली. केरबा मागून गेला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

"मॅडम, ह्याचं नाव शिवतेज हाय," पल्लवी म्हणाली.

प्रांजल मॅडम शिराळ्याच्या, वयाने लहान, शनिवार असल्यामुळे दमलेल्या. "हो ना, तीच तर अडचण," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात चार शिवतेज आहेत. शिवतेज म्हटलं की चौघं उभे राहतात. डबा एकाचा, उघडतो दुसरा. मग मी वडिलांच्या नावाने हाक मारायचं ठरवलं. तिघांचं जमलं, रोहित, संग्राम आणि सचिन. तुमचं मात्र कुणाला म्हणताच येईना. धैर्यशील. लहान मुलांच्या जिभेला फार जड आहे हो ते. त्याला स्वतःलाही येत नाही. शेवटी मी त्याला विचारलं, तुझ्या बाबांना घरी काय म्हणतात? तो म्हणाला, आधी केरबा म्हणायचे, आता होऽ म्हणतात. होऽ तर काही चालणार नव्हतं."

केरबा फाटकाच्या गंजाकडे बघत राहिला.

"पण मॅडम," पल्लवीचा आवाज बारीक झाला होता, "पोरं हसत न्हाईत का?"

"कशाला हसतील?"

"न्हाई म्हंजे... केरबा म्हंजे केर..."

मॅडमना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "अहो, या मुलांना केर शब्दच माहीत नाही. आम्ही वर्गात डस्ट म्हणतो. त्यांना केरबा आवडतं. छोटं आहे, सोपं आहे, आणि सगळ्या शाळेत एकच आहे."

तिघं गाडीवरून घरी निघाली. शिवतेज पुढे टाकीवर बसून हँडल धरल्यासारखं करत होता. पल्लवीने मागून त्याला विचारलं, "बाळा, तुला केरबा म्हटल्यालं आवडतंय?"

"लय भारी वाटतंय," शिवतेज म्हणाला. "शिवतेज चार हायत. केरबा मी एकटाच हाय."

उसाच्या दोन ट्रॉल्या मागे पडल्या. पल्लवी हळू आवाजात म्हणाली, "आवं, गॅझेट परत करता येतंय का वो? उलटं?"

"पाऊस पडत असताना खांबावर चढ म्हण, चढतो," केरबा म्हणाला. "गॅझेट म्हणू नगंस."

पण मनातून त्याला बरं वाटत होतं. का ते त्याला नीट सांगता आलं नसतं. आपलं नाव कुठेतरी चालू आहे, पोरं ते हसऱ्या तोंडाने घेतायत, एवढ्याने चार महिन्यांचा शीण निम्मा उतरला होता. घरी पोचल्या पोचल्या शिवतेज चपला न काढता आत पळाला. "आज्जी, मी केरबा झालो. मॅडमनी केलं मला." केरबाने बाहेरून ऐकलं. आत अंजना भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला.

दिवेलागणीला केरबा ओट्यावर बसून पक्कड पुसत होता. आत भाकरीचा वास सुटला होता. आणि आतून आईचा आवाज आला, लख्ख, भरला, जसा चौतीस वर्षं यायचा तसा.

"केरबा, ये रं जेवाय."

पक्कड त्याच्या हातातून खाली पडली. फेब्रुवारीपासून त्याने ही हाक ऐकली नव्हती. त्याचे डोळे ओले झाले आणि त्याने ते बाहीला पुसले. घाईघाईने मोरीत हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि "आलो आलो" म्हणत तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. त्याच्या काखेखालून शिवतेज पळत आत घुसला आणि बापाच्या नेहमीच्या पाटावर जाऊन मांडी घालून बसला. अंजनाने गरम भाकरी त्याच्या ताटात मोडली, त्यावर तुपाची धार धरली, आणि मग मान वर करून दारात उभ्या असलेल्या लेकाकडे पाहिलं.

"तू बस जरा भाईर, धैर्यशील," ती कुठेही न अडखळता म्हणाली. "आदी केरबाचं हुंदे."